गार असताना गुणी, गरम झाली की मिसिंग: जुन्या इंजिनाचं नेमकं दुखणं कसं शोधावं?

रानजाई

मंडळी, डोकं चालेनासं झालंय म्हणून धागा काढतेय. गाडी बाबांची, आता माझ्याकडे आहे. वय २६ वर्षं, चार सिलिंडर, पेट्रोल, अगदी सुरुवातीच्या काळातलं एमपीएफआय (दर सिलिंडरला वेगळा इंजेक्टर). डिस्ट्रिब्युटर (प्लगांना पाळीपाळीने करंट वाटणारा) आहे, कॉइल (ठिणगीचा करंट तयार करणारी) एकच. मागे कधीतरी गॅसचं किट बसवलं होतं, बरीच वर्षं गॅसवरच पळाली, पण ही कटकट सुरू झाल्यापासून पेट्रोलवरच चालवते.

सकाळी पहिल्या सेल्फला सुरू होते. पंधरा-वीस मिनिटं तक्रारीला जागा नाही. मग टेंपरेचरचा काटा मधोमध येऊन स्थिरावतो आणि त्यानंतरच्या पहिल्या सिग्नलला स्टिअरिंग थरथरायला लागतं. सायलेन्सरच्या तोंडाशी हात धरला तर फट् फट् फट् आणि मधेच एक ठोका गाळलेला (हेच ते मिसिंग), पुन्हा फट् फट् फट्. थोडी रेस दिली की थरथर जाते. ५०-६० च्या वेगात तर काही झालंय असं वाटतही नाही. थांबलं की परत तेच, कधी कधी बंदच पडते. तासभर उभी ठेवली की पुन्हा शहाणी.

आतापर्यंत बदललेलं: प्लग, प्लगच्या वायरी, एअर फिल्टर, पेट्रोल फिल्टर आणि शेवटी पेट्रोल पंप. दर वेळी "आता बघा" असं ऐकलं आणि दर वेळी दोन दिवस बरं वाटलं. ते बरं वाटणं बहुधा मलाच होतं, गाडीला नाही.

खडखडाट

कॉइल. डोळे झाकून कॉइल. माझ्या जुन्या गाडीला हेच झालं होतं, गार असताना मस्त, तापली की ढिम्म.

तेलकट हात

डोळे झाकून पाच वस्तू बदलून झाल्यात त्यांच्या, सहावी नको.

रानजाई, "गरम झाल्यावर बिघडते" हे एकच वाक्य वाटतं, पण त्यात चार-पाच वेगळी दुखणी लपलेली असतात. तापल्यावर कॉइलच्या आतली तार किंवा तिचं इन्सुलेशन दगा देतं. इग्नायटरचं (कॉइलचा करंट चालू-बंद करणारा), क्रँक सेन्सरचं (इंजिनाचं फिरणं ओळखणारा) तसंच. तापल्यावर पेट्रोल नळीतच उकळतं. तापल्यावर धातू वाढतो आणि फटी कमी-जास्त होतात. आणि शेवटचं लोक विसरतात: गार इंजिनाला मुद्दाम जास्त पेट्रोल दिलेलं असतं. त्या जास्तीच्या पेट्रोलखाली एखादी छोटी हवेची गळती सहज झाकली जाते. इंजिन तापलं, मिश्रण १४.७ ला १ च्या आसपास आलं, की झाकण उघडतं. म्हणजे दोष सकाळपासून होताच, दिसायला लागला दुपारी.

म्हणून आधी काही साध्या गोष्टी सांगा. बंद पडते ती खटका दाबल्यासारखी, की धापा टाकत? बंद पडताना आरपीएमचा काटा एकदम शून्यावर कोसळतो की हळूहळू उतरतो? धुराचा रंग कोणता, वास कसा? प्लग काढून पाहिलेत का, कसे दिसतात? आणि चेक इंजिनचा दिवा असेल तर कोड काढलेत का?

रानजाई

धापा टाकत बंद पडते. काटा ८०० वरून ६००, ४००, मग गचका. एकदम कधीच नाही. धूर थोडा काळसर, पेट्रोलचा वास येतो, ॲव्हरेजही गेल्या काही महिन्यांत पडलंय. चारही प्लगवर काजळी आहे, तिसऱ्यावर जरा जास्त. दिवा आहे पण लागत नाही. कोड काढायला मेकॅनिकने दोन पिना जोडून दिव्याची उघडझाप मोजली, काही निघालं नाही म्हणाला.

तेलकट हात

उत्तम माहिती. क्रँक सेन्सर आणि इग्नायटर सध्या मागच्या बाकावर. ते तापून मरतात तेव्हा गाडी बोलता बोलता गप्प होते, धापा टाकत नाही. ठोका एका लयीत चुकतोय, म्हणजे बहुधा एकाच सिलिंडरचं काहीतरी आहे. एकच कॉइल चौघांना करंट देते, त्यामुळे कॉइल बिघडली तर ठोके कुठलेही, कसेही चुकतात, लय राहत नाही. खडखडाट, म्हणून मी डोळे उघडे ठेवा म्हणालो.

खडखडाट

मान्य. पण कॉइल तपासून बघायला काय हरकत आहे? हेअर ड्रायरने पाच मिनिटं तापवायची आणि बघायचं.

तेलकट हात

हरकत काहीच नाही, उलट चांगली पद्धत आहे. गार इंजिनावर फक्त कॉइल तापवली आणि मिसिंग आलं, तर चोर सापडला. फक्त मल्टीमीटरने ओहम बघून "कॉइल ठीक" असं म्हणू नका. गार कॉइलचे आकडे बरोबर येतात आणि तापल्यावर भार पडला की तीच फुटते.

चोकवाला

कार्बोरेटरवाल्यांच्या वतीने दोन शब्द. माझ्या गाडीचं वय या गाडीपेक्षा बरंच जास्त आहे आणि तिला हाच आजार दर उन्हाळ्यात व्हायचा. गाडी बंद करून दहा मिनिटांनी सेल्फ मारला की नुसतं घरघर. कारण असं की इंजिन बंद झालं की पाणी फिरायचं थांबतं, पंखा थांबतो, पण ब्लॉकमधली उष्णता जागेवरच असते. ती वर चढते आणि कार्बोरेटरच्या वाटीतलं पेट्रोल उकळून मॅनिफोल्डमध्ये (सिलिंडरांकडे हवा नेणाऱ्या नळ्यांत) सांडतं. पेट्रोलचे हलके घटक ३५-४० अंशांपासूनच उकळायला लागतात हे पुष्कळांना खरं वाटत नाही. त्यात हल्ली इथेनॉल मिसळलेलं असतं. १० टक्क्यांच्या मिश्रणात वाफ होण्याची प्रवृत्ती साध्या पेट्रोलपेक्षा वाढते.

मी काय काय केलं नाही! पंपावर ओलं फडकं घातलं. नळीला कपडे वाळत घालायचे लाकडी चिमटे लावले (हसू नका, लोक शपथेवर सांगतात). शेवटी उपाय निघाला तो अगदी मामुली: कार्बोरेटरखाली जाड गॅस्केटचा स्पेसर आणि एक्झॉस्टला जवळजवळ टेकलेली नळी चार बोटं लांब सरकवली.

ओहमकार

चोकवाले काका, किस्सा मस्त, पण इथे लागू पडायचा नाही. या गाडीत पंप टाकीत आहे आणि नळीत अडीच-तीन बारचा दाब. दाबाखालचं पेट्रोल इतक्या सहज उकळत नाही, शिवाय उरलेलं परत टाकीत फिरत राहतं. आणि वाफेने पेट्रोल कमी पडलं असतं तर प्लग पांढरे झाले असते. इथे चारही काळे आहेत. पेट्रोल जास्त जातंय.

गरम इंजिन आणि पेट्रोल जास्त, हे दोन शब्द एकत्र आले की माझा हात कूलंट टेंपरेचर सेन्सरकडे जातो. तापेल तसा त्याचा रेझिस्टन्स उतरतो. साधारण २० अंशांना अडीच हजार ओहमच्या आसपास, ८० अंशांना तीनशेच्या घरात. कंपनीनुसार थोडं इकडे-तिकडे. ईसीयूला (इंजिनाच्या कॉम्प्युटरला) तोच आकडा दिसतो. इंजिन तापलंय आणि आकडा दोन हजारावरच अडकलाय, तर ईसीयू बिचारा समजतो की अजून थंडीच आहे, आणि ओततो पेट्रोल.

मोजताना दोन ठिकाणी मोजा. एकदा थेट सेन्सरच्या पिनांवर, एकदा ईसीयूच्या टोकाला. बॅटरीची निगेटिव्ह वायर काढून, आणि ज्या टोकाला मोजताय फक्त तिथलाच कनेक्टर सोडवून. का ते मोजल्यावर सांगतो.

नवशिका

एक बाळबोध प्रश्न. सेन्सर खोटं बोलत असेल तर डॅशबोर्डवरचा काटा बरोबर कसा दाखवतो?

ओहमकार

बाळबोध नाही, अगदी योग्य प्रश्न आहे. त्या काळातल्या बहुतेक गाड्यांत दोन सेन्सर असतात. एका वायरचा काट्यासाठी, दोन वायरींचा ईसीयूसाठी. दोघे शेजारी शेजारी बसतात आणि एकमेकांशी बोलत नाहीत.

रानजाई

मोजलं! इंजिन पूर्ण गरम, रेडिएटरचा पंखा एकदा लागून बंद झाल्यावर. सेन्सरच्या पिनांवर ३३०. ईसीयूच्या टोकाला २,१००.

ओहमकार

वा! म्हणजे सेन्सर निर्दोष, मधली वाट खराब. सेन्सरचा कनेक्टर उघडा आणि आत टॉर्च मारून बघा. दुकानात जाऊन नवा सेन्सर आणला असता तर काहीही फरक पडला नसता, आणि मग तुम्ही म्हणाला असता की सेन्सरही बदलून झाला.

रानजाई

आत हिरवट पावडर. एका पिनेवर तर मोरचुदासारखा थर होता. सुई, जुना टूथब्रश आणि कॉन्टॅक्ट क्लीनर घेऊन अर्धा तास बसले. एक वायर पिनेपाशीच तुटायला आली होती, ती नवी पिन लावून दाबून घेतली. आता ईसीयूच्या टोकाला ३४०. गाडी वीस मिनिटं फिरवली. धूर गेला, वास गेला. तुम्हा सगळ्यांना साष्टांग.

खडखडाट

धागा यशस्वी. कॉइल नव्हती, कबूल.

तेलकट हात

आठ दिवस थांबा. चारही सिलिंडरना जास्त पेट्रोल जात होतं याचं उत्तर मिळालं. पण एकाच सिलिंडरचा ठोका का चुकत होता याचं नाही.

रानजाई

तेलकट काका, तोंडात साखर पडो म्हणावं की अजून काही, कळत नाही. चौथ्या दिवशी परत. धूर नाही, वास नाही, ॲव्हरेज सुधारलंय, प्लगही बदामी व्हायला लागलेत. पण गरम झाल्यावर सिग्नलला थरथर जशीच्या तशी. किंबहुना जास्तच जाणवते.

तेलकट हात

दोन दुखणी एकमेकांच्या अंगावर बसलेली असली की असंच होतं. एक काढलं की दुसरं उघडं पडतं. जुन्या गाड्यांत हे अपवादाने नाही, नेहमीच घडतं, कारण वीस-पंचवीस वर्षांत बिघडण्यासारखं सगळंच थोडं थोडं बिघडलेलं असतं.

आता एक फुकटची परीक्षा. किट अजून गाडीत आहे ना? गाडी पूर्ण गरम होऊ द्या, थरथर सुरू झाली की गॅसवर टाका.

रानजाई

टाकली. गॅसवरही तीच थरथर. एक ठोकाही इकडचा तिकडे नाही.

तेलकट हात

झालं. पंप, फिल्टर, इंजेक्टर, पेट्रोलचा दाब, वाफ, ही सगळी नावं एका फटक्यात यादीतून गेली. पंप बदलायच्या आधी हे दोन मिनिटांचं काम कुणी केलं असतं तर! असो. उरलं काय, तर ठिणगी, हवेची गळती आणि कॉम्प्रेशन (पिस्टन हवा दाबतो तो दाब).

आता सिलिंडर पकडायचा. थरथर चालू असताना एकेक प्लगची वायर काढून बघा. चांगल्या सिलिंडरची काढली की इंजिन आणखी डळमळतं. ज्याची काढल्यावर इंजिनाला काही फरकच पडत नाही, तो आळशी. रबरी मूठ असलेली प्लायर वापरा. आणि काढलेल्या वायरला नुसतं हवेत लटकवू नका, तिच्यात जुना प्लग खोचून तो इंजिनाच्या धातूला टेकवून ठेवा. करंटला जायला वाट मिळाली नाही तर तो कॉइल किंवा इग्नायटर फोडून वाट काढतो. सायलेन्सरमध्ये कॅट (धूर स्वच्छ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर) असेल तर एका वायरला पाच-सात सेकंदांपेक्षा जास्त वेळ देऊ नका, न जळलेलं पेट्रोल तिथे जाऊन जळतं.

रानजाई

तिसरा! पहिला, दुसरा, चौथा काढला की गाडी बंद पडायला येते. तिसरा काढला काय, ठेवला काय, सारखंच. तिसऱ्याच्या वायरीत खोचलेल्या प्लगवर ठिणगी मात्र निळी, टणक, टकटक वाजणारी. खात्री म्हणून दुसऱ्याचा प्लग तिसऱ्यात आणि तिसऱ्याचा दुसऱ्यात घातला, वायरीही अदलाबदल करून बघितल्या. आळस तिसऱ्यातच राहिला.

ओहमकार

माझं खातं इथे संपलं. विजेचा दोष नाही.

चोकवाला

हवेची गळती बघा ना. इनटेक मॅनिफोल्डचं गॅस्केट तिसऱ्या सिलिंडरपाशी फुंकलं असेल. लांब रबरी नळीचं एक टोक कानाशी आणि दुसरं टोक गॅस्केटभोवती फिरवायचं, सूं असा आवाज येतो. पुष्कळ लोक तापलेल्या इंजिनावर क्लीनरचा फवारा मारून बघतात, तसं करू नका. पेट घेतो.

रानजाई

नळी फिरवली. सूं नाही. फुसफुस, घरघर, पट्ट्याचा आवाज सगळं ऐकलं, पण सूं नाही.

तेलकट हात

व्हॅक्यूम गेज (मॅनिफोल्डमधली ओढ मोजणारं) मिळवा कुठून तरी. जुन्या मेकॅनिककडे कपाटात धूळ खात पडलेलं असतं, मागितलं की त्याचा चेहरा खुलतो. मॅनिफोल्डवरच्या एखाद्या छोट्या नळीला जोडा. एकदा इंजिन कोमट असताना आणि एकदा थरथर चालू असताना बघा. काटा किती दाखवतो हे तर बघाच, पण जास्त लक्ष तो कसा हलतो याकडे द्या.

रानजाई

गेज मिळालं (चेहरा खरंच खुलला).

कोमट इंजिन: काटा १८ इंचांवर, भिंतीवरच्या फोटोसारखा स्थिर. गरम इंजिन: १७ वर आणि दर थोड्या वेळाने ठरावीक लयीत तीन-चार इंच खाली ठेचकाळतो. टिक, टिक, टिक, ठेच. त्या ठेचेच्या वेळीच सायलेन्सरमधला ठोका चुकतो. मोबाइलवर व्हिडिओ काढला आणि तो दहा वेळा बघत बसले.

तेलकट हात

लयीत ठेचकाळणारा काटा म्हणजे बंद व्हायला हवा तेव्हा पुरता बंद न होणारा व्हॉल्व्ह. मॅनिफोल्डची गळती असती तर काटा एकूणच खाली बसला असता, असा नेमाने ठेचकाळला नसता.

आता कॉम्प्रेशन, पण दोनदा. आणि इथेच बहुतेक जण फसतात. गाडी रात्रभर उभी, सकाळी मेकॅनिक सावकाश प्लग काढतो, गेज लावतो, आकडे चांगले येतात, "इंजिन एक नंबर" म्हणतो. जे दुखणं गरम असताना होतं ते गार असताना मोजून कसं सापडेल? एकदा गार असताना मोजा, मग थरथर सुरू झाल्या झाल्या इंजिन बंद करून लगेच मोजा. प्लग हातमोजे घालून काढा, हेड ॲल्युमिनियमचं असेल तर आटे सांभाळून. कॉइल आणि इंजेक्टरचे कनेक्टर काढून ठेवा, ॲक्सिलरेटर पूर्ण दाबलेला, बॅटरी पूर्ण चार्ज.

रानजाई

आकडे पीएसआयमध्ये, पहिल्यापासून चौथ्यापर्यंत.

गार: १६५, १६५, १५५, १६०.
गरम: १७०, १६५, ८५, १४०.

८५ बघून गेजच बिघडलं वाटलं. परत लावलं. ९०. मग कुणीतरी सांगितलेलं आठवलं म्हणून प्लगच्या भोकातून चमचाभर इंजिन ऑइल सोडून पुन्हा मोजलं. ९०.

तेलकट हात

ऑइलची परीक्षा तुम्ही न सांगता केलीत, शाब्बास. रिंगा झिजलेल्या असत्या तर ऑइलने फट भरून आकडा उसळला असता. उसळला नाही, म्हणजे हवा वरून जातेय, व्हॉल्व्हमधून. आणि चौथाही त्याच वाटेला लागलाय, १४० बघा.

आता एक विचारतो, आठवून सांगा. ही गाडी पूर्वी टॅपेटचा (व्हॉल्व्ह दाबून उघडणाऱ्या भागाचा) आवाज करायची का? आणि तो आवाज मधे कधी बंद झाला?

रानजाई

अगं बाई.

करायची. बाबांच्या काळात कायम टिकटिक, शिवणयंत्रासारखी. बाबा म्हणायचे वाजू दे. गाडी माझ्याकडे आल्यावर पहिल्याच सर्व्हिसिंगला मीच सांगितलं होतं, तो आवाज आधी बंद करा. त्यांनी टॅपेट टाइट करून दिले. गाडी इतकी गप्प चालायला लागली की मी सगळ्यांना ऐकवत होते. याला दीड वर्ष झालं. त्यातलं वर्षभर गॅसवर.

तेलकट हात

मग गोष्ट पूर्ण झाली.

टॅपेट आणि व्हॉल्व्हच्या मधे मुद्दाम एक केसाएवढी फट ठेवलेली असते, कारण व्हॉल्व्ह तापला की लांब होतो. एक्झॉस्टचा तर जास्तच, त्याचं डोकं सातशे अंशांच्या घरात तापतं. वाढायला जागा हवी म्हणून फट. ती फट असते म्हणून टिकटिक. फट फार कमी केली की आवाज जातो, पण तापल्यावर वाढलेला व्हॉल्व्ह टॅपेटला टेकतो आणि सीटवर (ज्या कड्यावर बसून तो बंद होतो) पुरता बसत नाही. किंचित उघडा राहतो. गार असताना मात्र नीट बसतो, म्हणून तुमची सकाळ छान जाते.

त्यात गॅस. तो कोरडा. पेट्रोलच्या थेंबांनी व्हॉल्व्ह आणि सीटला जो थोडा गारवा, ओलावा मिळतो तो गॅसवर मिळत नाही. सीट हळूहळू झिजते, व्हॉल्व्ह तिच्यात रुतत जातो, आणि तो जितका रुततो तितकं त्याचं दुसरं टोक टॅपेटकडे सरकतं. म्हणजे झिजेमुळे ही फट वाढत नाही, कमी होते. लोकांना हे उलटं वाटतं. झिजलं की ढिलं होणार असं आपण धरून चालतो.

जास्त रेसला थरथर का जाते तेही यातच आहे. वेगात पिस्टनला इतका कमी वेळ असतो की गळायला सवड मिळत नाही. आयडलिंगला भरपूर सवड, त्यातून आत घेतलेली हवाच थोडी.

फिलर गेज (फट मोजायच्या पातळ पात्या) घ्या. तुमच्या गाडीच्या पुस्तकात आकडा कशासाठी दिलाय, गार इंजिनासाठी की गरम, ते आधी वाचा. दोन्ही आकडे वेगळे असतात आणि इथे घोळ घातला तर परत तेच.

नवशिका

फट कमी राहिली तर नुसतं मिसिंगच होतं, की पुढे काही बिघडतं?

तेलकट हात

पुढे व्हॉल्व्ह जळतो. एक्झॉस्ट व्हॉल्व्ह आपली बहुतेक उष्णता सीटला टेकून तिच्याकडे सोपवतो. टेकलाच नाही तर उष्णता जाणार कुठे? कडेला आधी काळा चट्टा, मग खाच, मग हेड उतरवणं आलं.

रानजाई

रविवारी केलं. रात्रभर गार झालेलं इंजिन, मेकॅनिक आणि मी. पुस्तकात गार इंजिनासाठी इनटेक ०.१५ मिमी, एक्झॉस्ट ०.२०. झाकण उघडलं, पहिला सिलिंडर टीडीसीवर (पिस्टन सगळ्यात वर) आणला, मग फायरिंग ऑर्डरने १, ३, ४, २.

इनटेकचे चारही ठीक, एखादा ०.१३. एक्झॉस्ट: पहिला ०.१२, दुसरा ०.१२, चौथा ०.०८. तिसऱ्यात ०.०५ ची पातीही शिरेना. माझ्या गेजमधली ती सगळ्यात पातळ पाती, पतंगाच्या कागदासारखी. ढकलली की वाकायची. मेकॅनिकने रॉकर (व्हॉल्व्ह दाबणारा दांडा) बोटांनी हलवून दाखवला, इतरांचा खुटखुट हलत होता, तिसऱ्याचा केसभरही नाही. "दीड वर्षापूर्वी मीच केले होते," एवढंच म्हणाला. मी म्हटलं, सांगितलं मी होतं.

लॉकनट सैल, स्क्रू पाव फेऱ्याहून कमी, पाती किंचित घासत सरकेल इतकं, मग लॉकनट आवळताना स्क्रू परत फिरतो म्हणून पुन्हा मोजणं. आठ टॅपेटना दीड तास लागला. झाकणाचं गॅस्केट नवं घातलं, जुनं लाकडासारखं कडक झालं होतं.

गाडी चाळीस मिनिटं फिरवली, सगळ्यात मोठ्या सिग्नलला मुद्दाम थांबले. थरथर नाही. परत येऊन गरम असतानाच कॉम्प्रेशन: १७०, १६५, १४५, १६०.

ओहमकार

१४५ म्हणजे तिसरा पूर्ण सुटला नाही.

तेलकट हात

नाही. कडेला थोडं भाजलं असणार. पण चालेल. गॅस शक्य तितका कमी वापरा आणि हजार किलोमीटरनंतर तिसऱ्या-चौथ्याचा एक्झॉस्ट परत मोजा. ०.२० चे ०.१० झाले असतील तर सीट संपत आलीय, हेडच्या कामाची तयारी ठेवा. जागेवर असेल तर अजून बरीच वर्षं काढेल.

खडखडाट

आणि आवाज?

रानजाई

परत आला. शिवणयंत्र. काल बाबांना घेऊन निघाले होते. गाडी सुरू झाली, त्यांनी कान दिला, "वाजतोय" म्हणाले आणि सीट मागे करून डोळे मिटून घेतले.

रानजाई

१,०८० किलोमीटर झाले, सगळे पेट्रोलवर. आज सकाळी गार इंजिनावर मोजलं. चौथा ०.२०. तिसऱ्यात ०.२० ची पाती जात नाही, ०.१८ ची घासत जाते.

तेलकट हात

तसंच राहू दे. हात लावू नका. पुढचं माप पाच हजारांनी.